रंग निघून राहिला

आमच्या गाडीचा रंग कोणता, यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरूनच झाली नाहीत. बाबा म्हणायचे, तपकिरी. आई म्हणायची, हिरवी. मी दोघांच्या मध्ये उभी राहून गाडीकडे बघायचे आणि मला ती पांढुरकीच दिसायची, नीट न पुसलेल्या फळ्यासारखी. बोनेटवरून बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागे. त्या भुकटीलाही धड रंग नव्हता.

गाडी म्हणजे जुनी अँबॅसिडर. नेहरू नगरातल्या एका निवृत्त साहेबांच्या अंगणात ती कित्येक उन्हाळे उघड्यावर उभी होती. भिलाईचं ऊन माणसाला सोडत नाही, ते गाडीला काय सोडणार. टपाचा आणि बोनेटचा रंग उन्हानं पार उडाला होता. आमच्या क्वार्टरांच्या रांगेत सगळ्यांकडे स्कूटर नाही तर सायकल. त्यात बाबांनी ही घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "हौसेला मोल नाई म्हणते ते खोटं नाई." पण दुसऱ्याच दिवशी तिनं हळदकुंकू लावून तिची पूजा केली आणि मागच्या सीटवर बसून पाहिलं.

त्या पूजेच्या वेळीच पहिली चकमक झाली. आई म्हणाली, "रंग उडाला, पण हिरवी गाडी शोभून दिसते." बाबा म्हणाले, "हिरवी कुठं हाय? तपकिरी हाय." आईनं पुढचं दार उघडलं, दाराच्या आतल्या कडेवरचं ग्रीस नखानं खरवडलं आणि म्हणाली, "हे पाहा. इथं ऊन लागलं नाई." ग्रीसखाली झाडाच्या पानासारखा गर्द हिरवा होता, मीही पाहिला. बाबांनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हां, तेच म्हणून राहिलो मी. तपकिरी."

आई हसली. मीही हसले. बाबा थट्टेखोर होतेच, त्यामुळे आम्हाला वाटलं, चिडवताहेत. पण गंमत एकदा करायची की वर्षभर? शेजारीपाजारी, दुधवाला, पेट्रोल पंपावरचा माणूस, सगळ्यांना ते शांतपणे "आपली तपकिरी गाडी" म्हणून सांगायचे. गंमत करणारा माणूस मधूनच हसतो. बाबा हसत नसत. मी गोंधळून जायचे.

बाबा स्टील प्लँटमध्ये लोको ड्रायव्हर होते. बाहेरच्या रेल्वेशी त्यांचा संबंध नव्हता. कारखान्याच्या आतच रुळांचं मोठं जाळं आहे, त्यावर ते डिझेल इंजिन चालवायचे. भट्टीतून निघालेलं पातळ लोखंड मोठमोठ्या लॅडलांत, म्हणजे चाकांवरच्या कढयांत, भरून इकडून तिकडे न्यायचं, रिकामे डबे जोडायचे, सोडायचे. डबे जोडताना खाली रुळांत एक माणूस झेंड्या घेऊन उभा असतो आणि ड्रायव्हर त्याच्या झेंडीवर इंजिन हलवतो. बाबांच्या इंजिनला झेंडी दाखवणारे काका आमच्या समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. ते दुर्गजवळच्या खेड्यातले, छत्तीसगढी बोलणारे. बाबा आणि ते एकाच शिफ्टला सायकलींवरून जायचे आणि एकत्रच परत यायचे.

आई रेल्वेवाल्याची मुलगी. तिचे वडील नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आलेले गार्ड. तिच्या माहेरी छत्री जिथे ठेवायची त्याच कोपऱ्यात लाल आणि हिरवी झेंडी गुंडाळून उभी असे, आणि मुलांनी त्यांना हात लावला तर मार बसे. हे ती आम्हाला अभिमानानं सांगायची. नवरा इंजिन चालवतो याचाही तिला अभिमान होता, फक्त त्याला बाजारात पाठवायचं म्हटलं की ती कपाळाला हात लावायची.

कारण बाबा टमाटे आणायचे ते कच्चे. दर वेळी. "अहो, आंधळे झाले का तुमी?" असं ती म्हणायची, तसं कोणतीही बाई म्हणते. एकदा तर त्यांनी कहरच केला. बोरसीला मावशीचं डोहाळजेवण होतं. हिरव्या बांगड्या आणायला बाबांना धाडलं आणि ते लालभडक बांगड्या घेऊन आले. सगळ्या बायका हसून हसून बेजार. मग मावशीनंच त्यांची बाजू घेतली, "भाऊजीची काय चूक? इकडच्या लोकायत लालच शुभ. कासारानं लाल देल्ल्या असतील." ते सगळ्यांना पटलं. भिलाईत हे नेहमीचंच होतं. शेजारी बिहारचे, पलीकडे बंगालचे, त्यांच्या पलीकडे केरळचे, आणि कोणाचं शुभ कशात हे कोणालाच नीट ठाऊक नसायचं. लाल बांगड्या वर्तमानपत्रात बांधून आईच्या कपाटात गेल्या.

गाडीचा वाद असा वर्षभर चालला आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी बाबांनीच पैज लावली. "रंग उडाला म्हणून हे भांडण हाय," ते म्हणाले. "घासून काढतो सारी. मूळ रंग निघू दे. मंग समजते कोण खरं हाय त."

आई म्हणाली, "हरले त?"

"हरलो त हरलो."

पॉवर हाउस भागातल्या बाजारातून त्यांनी रबिंग कंपाउंडचा डबा आणला. करड्या, रवाळ मलमासारखं असतं ते, आणि त्याला रॉकेलचा वास येतो. जुन्या बनियनवर थोडं घ्यायचं, पाण्याचा हात लावायचा आणि गोल गोल घासत राहायचं. उन्हानं मेलेला वरचा थर निघतो आणि खालून जिवंत रंग वर येतो. बाबांनी गाडी सावलीत घेतली आणि बोनेटपासून सुरुवात केली. माझ्याकडे पाण्याची बादली.

थोड्याच वेळात बनियन हिरवं झालं. मी घाबरले. शाळेचा नवा फ्रॉक पहिल्याच धुण्यात विटला होता, ते माझ्या डोक्यात. मी ओरडले, "बाबा, रंग निघून राहिला!"

"निघून राहिला ना?" बाबा खूश झाले. "मी म्हणलं होतं!" आणि दुप्पट जोरानं घासायला लागले.

"बाबा, निघून राहिला, निघून!"

"हो बेटा, निघू दे, निघू दे!"

आता यात कोणाची चूक? आपल्या भाषेत निघणे म्हणजे सुटून जाणेही आणि उमटून येणेही. मी म्हणत होते गेला, ते ऐकत होते आला. मी जितकी जोरात ओरडे तितका त्यांचा हात जोरात चाले. समोरच्या ओसरीत बसलेल्या काकांनीही त्यात भर घातली, "रंग निकलत हे भइया, बढ़िया निकलत हे!" ते कोणत्या अर्थानं, देव जाणे. मी रुसून बादली भरायला आत गेले.

परत आले तर बोनेटच्या मधल्या उंचवट्यावर विटेच्या रंगाचा एक पट्टा उघडा पडला होता. आजूबाजूला सुंदर, ओला, चकचकीत हिरवा. आणि मधोमध लाल. खिडकीच्या गजांना गंज लागू नये म्हणून जो लाल रंग मारतात, तो. गाडीलाही आधी तोच मारतात आणि वरून खरा रंग देतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबा नेमके त्या लालवरूनच हात फिरवत होते. अगदी मायेनं. "पाह्य," ते म्हणाले, "रंग पाह्य कसा निघाला!"

मला जे सुचलं ते असं की दोघंही हरले. मी घराकडे तोंड करून आनंदानं ओरडले, "आई, तुमी दोघंई हारले! गाडी त लाल निघाली!"

बाबांचा हात थांबला. "लाल?" ते म्हणाले. आणि मग हळूच, "कुठं?"

आई पिळलेल्या साडीचा पिळा हातात घेऊन बाहेर आली होती. तिनं बोनेट पाहिलं. लालवर टेकलेला बाबांचा हात पाहिला. बाबांनी तिलाही विचारलं, "कुठं लाल हाय वं?" आणि त्यांची नजर सगळ्या बोनेटवरून फिरली, टपावर गेली, परत आली, आणि कुठेच थांबली नाही. आईनं मान वळवून समोरच्या ओसरीकडे पाहिलं. मग तिनं साडी झटकली आणि बोनेटवर अंथरली, इकडून तिकडे पूर्ण.

"काबर रुक गेव भइया?" काकांनी तिकडून विचारलं.

"साड़ी सुखानी है भैया," आई म्हणाली. सावलीत कोण साडी वाळवतं? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर पाढे लिहीत होते. आईनं कपाटातून वर्तमानपत्राची पुडी काढली, स्वतःच्या हातातल्या काही हिरव्या बांगड्या उतरवल्या, सगळ्या एका ताटात मिसळल्या आणि बाबांसमोर ठेवल्या.

"यातल्या हिरव्या कोणत्या?"

बाबांनी ताटाकडे पाहिलं. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, उत्तर तिथं लिहिलेलं असल्यासारखं. एक बांगडी उचलली, ठेवली. दुसरी उचलली. "तूच सांग," ते म्हणाले.

"कवापासून?"

"पयलेपासून."

"मंग नोकरीत कसे लागले?"

"तवा कोण पाहे? नंतर मेडिकलले ठिपक्यायचं पुस्तक आलं, रंगीत ठिपक्यायत आकडा लपवलेला. पयल्या पानावर बारा, ते मलेबी दिसते. बाकीचे आकडे पुढच्या मानसाले विचारून पाठ केले. पानं कवा बदलत नाईत."

"आन सिग्नल?"

"रुळावरच्या सिग्नलले खालचा दिवा थांब, वरचा चाल. जागेवरून समजते."

मला आठवलं, त्यांनी मलाही रेल्वेचे सिग्नल असेच शिकवले होते. वरचा, खालचा. लाल-हिरवा हे शब्द त्यांच्या तोंडून कधी आलेच नव्हते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आई गार्डची मुलगी होती. तिनं पुढचा प्रश्न विचारला. "आन झेंडी? झेंडीले वर-खाली काय असते?"

बाबा म्हणाले, "हालवते कशी ते पायतो."

"आन हालवली नाई त? नुसती धरून उभा रायला त?"

बाबा ताटातल्या बांगड्या इकडून तिकडे सारत राहिले.

"झेंडी कोन दाखवते तुमाले?" आईनं विचारलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. समोर काकांच्या घरी रेडिओ चालू होता आणि त्यांची म्हातारी आई मोठ्यानं कोणाला तरी जेवायला बोलावत होती. आई दबक्या आवाजात म्हणाली, "त्याचंबी घर हाय." मग तिनं बांगड्या वेगळ्या केल्या, आपल्या हातात चढवल्या आणि पोळ्या करायला गेली. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल हे ती बोलली नाही. त्या रात्री आम्ही सगळे फार कमी जेवलो.

मला यातलं अर्धं कळलं आणि अर्धं कळलं नाही. माझी समजूत अशी झाली की बाबांना शाळेत रंग शिकवले नसावेत. मग मीच शिकवायचं ठरवलं. सकाळी रंगीत खडूंची पेटी घेऊन बसले. हा? निळा. बरोबर. हा? पिवळा. बरोबर. काळा, पांढरा, सगळं बरोबर. मी अजूनच चक्रावले. ज्याला निळा येतो त्याला लाल का येऊ नये? हिरवा खडू हातात घेतला तेव्हा त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "हे राहू दे. चाल, मले तो डाग दाखव."

आई आत होती. बाबांनी साडी वर केली. "कुठून कुठवर हाय?"

मी त्यांचं बोट धरलं आणि लाल जिथं सुरू होत होता तिथं टेकवलं. "इथून. हे पाहा, इथून खरखरीत लागते. हिरवा गुळगुळीत हाय."

त्यांनी माझा हात सोडला आणि एकट्यानं बोट फिरवायला लागले. गुळगुळीत संपून खरखरीत लागे तिथं थांबायचे, थोडं मागे जायचे, पुन्हा पुढे. उंचवट्याच्या एका बाजूनं खाली, मग वळून दुसऱ्या बाजूनं वर. बोट पुन्हा पहिल्या जागी आलं तेव्हा ते तिथंच उभे राहिले.

"एवढा मोठा?" ते म्हणाले.

दसऱ्याला आईनं त्या डागावर झेंडूचा जाड हार घातला. ओवाळून झाल्यावर गाडी बाहेर काढून एक चक्कर मारायची, रिसालीपर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं होतं. फाटकाची जागा अरुंद. गाडी मागे घ्यायला मदत म्हणून समोरचे काका आपणहून आले आणि गाडीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सवयच त्यांची. खांद्यावरचा गमछा हातात घेऊन ते म्हणाले, "आवन दे भइया, आवन दे."

बाबांनी गाडी चालू केली. मान वळवून मागच्या काचेतून काकांकडे पाहिलं. काका गमछा हलवत होते. इंजिन घरघरत राहिलं, गाडी जागची हलली नाही. बाबा नुसते बघत होते, माणूस आरशात स्वतःकडे बघतो तसं नाही, दुसऱ्याच्या झोपलेल्या मुलाकडे बघतो तसं. मग त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"का होगे भइया?" काकांनी विचारलं.

"आज नाई," बाबा म्हणाले, आणि खिशातलं आपट्याचं पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. दसऱ्याला काढलेली गाडी परत लावायची म्हणजे अपशकुन. शेजारच्या बायका कुजबुजल्या. आई आरतीचं ताट घेऊन आत गेली. मला चक्कर मिळाली नाही म्हणून मी रडले.

पुढे मी मोठी झाले तरी एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. ज्या माणसानं इतकी वर्षं लपवलं, ठिपक्यांचं पुस्तक पाठ केलं, त्यानं स्वतःहून रंगाची पैज का लावावी? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे तर हात दाखवून अवलक्षण झालं. कधी वाटे, ते थकले असतील आणि कोणीतरी पकडावं असं त्यांना वाटत असेल. कधी वाटे, नुसता हट्ट. आईचं मत हट्टाचंच होतं. शेवटी एकदा मी त्यांनाच विचारलं. तेव्हा ते पार म्हातारे झाले होते. ते म्हणाले, "उडालेला रंग तुमालेबी कुठं दिसे? मले वाटलं, मूळ रंग चांगला निघाला त मलेबी दिसन."

मला रडू आलं, आणि रागही आला. नेमका कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

गाडी आम्ही पुन्हा रंगवली नाही. बाकीची त्यांनी हळूहळू घासून काढली, मी शेजारी उभी राहून "बस" म्हणेपर्यंत. हिरवी छान निघाली. बोनेटवरचा डाग तसाच राहिला आणि बाबा तिला शेवटपर्यंत तपकिरीच म्हणत राहिले. समोरचे काका धडधाकट रिटायर झाले आणि गावी गेले.

पण मला आठवते ती दिवाळीच्या आधीची दुपार. बाबांची मेडिकल होती. सकाळी जाताना आईनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. ते तिथं काय बोलणार आहेत हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुपारी सायकल फाटकाला लागली, बाबा आत आले, चपला काढल्या, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "निघालो."

मी म्हटलं, "कुठं निघाले, बाबा? आत्ताच त आले." आत येऊन बसलेला माणूस निघालो कसं म्हणतो, मला समजेना.

"पयल्या पानावर बारा सांगतले," ते आईला म्हणाले. "दुसऱ्या पानावर म्हणलं, साहेब, मले काई दिसत नाई. मंग त्यायनं पुस्तक मिटलं. आता टूल रूममध्ये टाकतो म्हणे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदरानं हात पुसले, वळून चहाचं आधण ठेवलं, आणि आमच्याकडे पाठ करूनच विचारलं, "काढलं की निघाले?"

"निघालो," बाबा म्हणाले.